भिंतीआडची भाकर

हैदराबादच्या डॉक्टरांना भाकरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि आमच्या घरातला पुढचा सगळा तमाशा तिथूनच सुरू झाला.

माझ्या हृदयाची एक झडप बदलली होती. लहानपणी माझा घसा धरायचा, सांधे सुजायचे, आई हळदीचं दूध द्यायची आणि दोन दिवसांनी आम्ही ते दुखणं विसरून जायचो. त्यानं मात्र मला लक्षात ठेवलं होतं. पंचेचाळिशी गाठली तेव्हा गोदावरीचा घाट चढताना मला मध्येच पायरीवर बसावं लागायला लागलं. आधी मी ते वयावर ढकललं, मग वजनावर, मग नव्या चपलांवर. शेवटी ढकलायला काही उरलं नाही तेव्हा तपासण्या झाल्या. गंगाखेडच्या डॉक्टरांनी परभणीला पाठवलं, परभणीच्या डॉक्टरांनी हैदराबादला. तिथे छाती मधोमध उघडून खराब झडप काढली, धातूची नवी बसवली आणि छातीचं हाड तारेनं शिवून मला मालकांच्या ताब्यात दिलं.

मालक म्हणजे आमचे हे. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. त्यातला खरा मालक कोण, ते घरोघरी वेगवेगळं असतं.

घरी सोडताना डॉक्टर समजावून सांगत होते. तीन महिने जड उचलायचं नाही. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. खोकला आला, शिंक आली किंवा हसू आलं तर उशी छातीशी घट्ट धरायची. रोज चालायचं, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर चुकवायची नाही. मी सगळ्याला मान हलवली. मला एकच विचारायचं होतं आणि भूल उतरल्यापासून ते माझ्या डोक्यात घोळत होतं. मला परत भाकरी थापता येईल का?

आता हे सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा जगणं म्हणजे मला तेवढंच दिसत होतं. हात परातीला पुरायला लागला तेव्हापासून मी भाकरी थापत आले. माझ्या बोलण्याला, चालण्याला, झोपण्याला सासरी नावं ठेवून झाली आहेत. भाकरीला मात्र कुणी कधी नाव ठेवलेलं नाही. माझी भाकरी चंद्रासारखी वगैरे नसते, पण ती फुगते म्हणजे फुगते, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला मऊ राहते. ते गेलं तर माझ्याकडे शिल्लक काय राहणार, या विचारानं मला त्या पांढऱ्या खोलीत रडू आलं होतं. नर्सला वाटलं टाके दुखतायत.

डॉक्टर म्हणाले, रोटी ना, हलकं काम आहे, दीड महिन्यानं चालेल. बोलता बोलता त्यांनी हवेत लाटणं फिरवून दाखवलं. मी म्हटलं, ती नव्हे, ज्वारीची भाकरी. ते म्हणाले, तेच ते. मी मालकांकडे बघितलं.

आमचे मालक उंचीनं चांगले, मिशीनं त्याहून चांगले. गावात भांडण झालं तर लोक यांना बोलावतात, कारण हे काही बोलत नाहीत आणि त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की हे आपल्या बाजूचे आहेत. त्या माणसानं डॉक्टरांच्या टेबलावरचे कागद एका बाजूला सारले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी टेबलावर थापायला सुरुवात केली. आधी मळून दाखवलं, अंगाचा सगळा भार तळहातावर टाकून. मग गोळा फिरवत फिरवत थप, थप, थप. पेनं उडाली. बाहेरची नर्स दार उघडून आत आली. डॉक्टर खुर्चीत मागे सरकले आणि म्हणाले, "ये तो बिल्कुल नहीं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर वेगळी ओळ लिहून दिली. तीन महिने भाकरी बंद, नंतर तपासून बघू. परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत एकच विचार करत होते. या माणसानं उभ्या आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतलेला नाही. याला थापताना गोळा फिरवायचा असतो हे कसं माहीत?

घरी आले तर दुपार होती. सगळे भेटून गेले, दार लोटलं आणि सामसूम झाली. मी खाटेवर पडले होते. मालक उठले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, मग स्टुलावर चढून त्यांनी घड्याळातला सेल काढला आणि खाली उतरले. थोडा वेळ ऐकलं. परत वर चढून आख्खं घड्याळच खाली काढलं आणि कानाला लावलं. मी डोळे अर्धे मिटून बघत होते आणि उशी छातीशी धरायची वेळ माझ्यावर आली होती. टिकटिक माझी होती. धातूची झडप उघडमीट करताना आवाज करते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मालक बिल भरायला गेले होते.

त्यांना सांगितलं तेव्हा ते खाटेशेजारी बसले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, हे बंद पडू द्यायचं नाही. सेल त्यांनी घड्याळात परत घातला नाही. ते घड्याळ अजून तसंच सव्वादोनवर उभं आहे.

भेटायला येणाऱ्यांचा ओघ महिनाभर आटला नाही. आमच्याकडे हृदयाचं कुठलंही ऑपरेशन म्हणजे बायपास. मी सुरुवातीला झडप, झडप म्हणून समजावून सांगायचे. नंतर दमले आणि बायपासवाली झाले. प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा आणायचा आणि ज्याचं असंच ऑपरेशन होऊन काही बरं झालं नाही अशा कुणाची तरी गोष्ट सांगायचा. मीही मग गोष्टी सांगायला लागले. पालमहून माझी मावशी एसटीनं आली. तिनं माझ्या छातीला कान लावला, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "चांगलं चालायलंय गं. पन ह्याला चावी कोन देतंय?"

मी चेहरा गंभीर ठेवून सांगितलं, तुझे जावई देतात, रोज सकाळी, चहाच्या आधी. मावशीनं जावयाकडे मोठ्या कौतुकानं बघितलं. मालक कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान परत खाली घातली. मला वाटलं, मावशीपुढं त्यांची चेष्टा केली म्हणून राग आला असेल.

आता भाकरीचं. पहिले पंधरा दिवस लेक राहून गेली. तिलाही तिचं घर आहे, ती गेली. मग जाऊबाईंकडून भाकरी यायला लागल्या. थोरले दीर आणि आम्ही शेजारीशेजारी राहतो. दोन्ही घरांत एक भिंत, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीपलीकडे. त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. कोण शिंकलं, कोण कुणाला काय बोललं, दुधाला उकळी आली का उतू गेलं, सगळं. जाऊबाई मनाच्या चांगल्या, पण त्यांच्या घरचे पाच आणि आमचे दोन अशा सगळ्यांच्या भाकरी करून त्या शेतात जायच्या, आणि भाकरीच्या टोपल्याबरोबर एक उसासा यायचा. तो उसासा मालकांना भाकरीपेक्षा जड जायचा.

एका संध्याकाळी टोपलं आलं नाही. जाऊबाईंना रानातून यायला उशीर झाला होता. मालक उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"किती दिस दुसऱ्याच्या तव्यावर जगायचं," ते म्हणाले. "घरात पीठ हाय, तवा हाय, हात हायत. तू निस्तं खुर्चीवर बसून सांग."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत उशी धरून बसले. त्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लावलं. मग खिडकी लावली. मग खिडकीवर पोतं लटकवलं. कुणाला कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. ज्याच्या शब्दाला दहा माणसं मान देतात त्यानं परातीपुढं मांडी घालायची म्हणजे काय.

पहिली भाकरी कशी झाली ते सांगत नाही. दुसरी तव्याला चिकटली आणि निघताना तिचे तीन तुकडे झाले. तिसरी त्यांनी हातावर उचलली तेव्हा अर्धी मनगटावर लोंबायला लागली आणि ते तसेच हात पुढं धरून माझ्याकडे बघत राहिले, लहान पोरानं ओली चड्डी दाखवावी तसे. मी हसले. उशी होती म्हणून वाचले. आम्ही त्या दिवशी दूध प्यालो आणि मावशीनं आणलेली बिस्किटं खाल्ली.

पण माणूस हट्टी. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना त्यांनीच सांगून टाकलं की आता भाकरी पाठवू नका, आमचं आम्ही बघतो. आठवड्याभरात भाकरी गोल नाही तरी एक तुकडा व्हायला लागली. मी सांगायचे, पाणी चांगलं गरम घ्या, पीठ रगडून मळा, बोटांनी नका, तळहातानं. ते गुपचूप ऐकायचे. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं सलग एवढं कधीच ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला या आजारपणाची चटक लागली.

अडचण होती आवाजाची. भाकरी मुक्यानं होत नाही. त्यावर मालकांनी तोड काढली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि आमच्या गल्लीवरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कर्णा लावून गाणी. लांबून गाणं ऐकू आलं की मालक गोळा परातीत घेऊन तयार बसायचे. ट्रॅक्टर दाराशी आला की थापायला सुरुवात. तो वळणावर गेला की हात वर तसेच धरून थांबायचे, पुढचा ट्रॅक्टर येईपर्यंत. कधीकधी अर्धी भाकरी एका गाण्यावर आणि अर्धी दुसऱ्या गाण्यावर व्हायची. मी सांगायचे, पीठ वाळायलंय. ते म्हणायचे, वाळू दे.

एकदा चहाच्या हॉटेलात कुणीतरी त्यांच्या मिशीला पीठ बघितलं. त्यांनी सांगितलं, गिरणीत गेलो होतो. मग ते खरं दिसावं म्हणून दर दोन दिवसांनी डबा घेऊन गिरणीत जायला लागले. आमच्या घरात त्या हिवाळ्यात इतकं पीठ साठलं की दोन पिंपं भरली.

इतकं करूनही व्हायचं ते झालंच. कारखान्यावर काहीतरी बिघडलं आणि एक दिवस एकही ट्रॅक्टर आला नाही. भूक तर लागलेली. मालकांनी हळूहळू थापायचा प्रयत्न केला, पण भाकरी हळू थापली की जाड होते, आणि जाड भाकरी त्यांना आवडत नाही. शेवटी झालाच तो थपथपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पोराला धरलं.

"तिचं काळीज फाडून शिवलंय, अन् तू तिला भाकरी बडवायला लावायलास? माणूस हायस का कसाई हायस?"

मी आत खाटेवर उठून बसले. आता हा माणूस सांगणार की माय, भाकरी मीच करतो. मी वाट बघत राहिले. मालक अंगणात खाली मान घालून उभे होते. एका बाजूला कसाई म्हणवून घ्यायचं, दुसऱ्या बाजूला भाकरी थापणारा म्हणवून घ्यायचं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बघतो." म्हणजे कसाईपण पत्करलं.

त्यानंतर गल्लीतल्या बायका मला भेटायला यायच्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. कशी गं तू सोसतीस, म्हणायच्या. मी डोळे खाली करून उसासा सोडायचे. तो मी जाऊबाईंकडून शिकले होते. संध्याकाळी हे सगळं मालकांना साभिनय करून दाखवायचे. ते थापता थापता म्हणायचे, तुझी मजा हाय बाबा.

तसं माझं हळूहळू ठीक चाललं होतं. आधी अंगणात चालायचे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग मारुतीपर्यंत. दवाखान्यातून श्वासाचं एक खेळणं मिळालं होतं, नळीनं ओढलं की तीन गोळे वर चढतात. माझे तिन्ही चढायला लागले तेव्हा मी ते मालकांच्या हातात दिलं. त्यांचा दुसरा गोळा जागचा हलेना. त्या दिवसापासून त्यांनी बिडीकाडीचा बटवा खुंटीला टांगला, आणि एवढा मोठा फायदा बिलात कुठंच धरलेला नव्हता.

तीन महिने झाले तेव्हा आम्ही परभणीला दाखवायला गेलो. मालक औषधाच्या दुकानात रांगेत होते आणि मी आत एकटीच होते. डॉक्टरांनी छातीवर दाबून बघितलं, फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, हाड छान जुळलंय. काय करायचं ते करा. मी मुद्दाम विचारलं, भाकरी? ते आपल्याच भागातले होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, खुशाल थापा. लागलं-कापलं तर तेवढं जपा, रक्त पातळ आहे.

बाहेर आले. एसटी स्टँडवर पोचल्यावर मालकांनी विचारलं, काय म्हणाले? आणि माझ्या तोंडून गेलं, बाकी सगळं करा म्हणाले, फक्त भाकरी आणखी तीन महिने नको.

स्टँडवरच्या गोंगाटात त्यांनी नुसती मान हलवली आणि मला वाटलं, पचलं. घरी आल्यावर जेवताना त्यांनी परत विचारलं, "नक्की तीन महिने म्हनले?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागले.

पहिले काही दिवस मी स्वतःवर बेहद्द खूश होते. बाकी सगळं मी करायला लागले होते. शेतात चालत जायचे. हुरड्याला कणसं मीच मोडली. हरभऱ्याचे शेंडे खुडले, भाजी मात्र रक्ताच्या गोळीमुळं मापातच खाल्ली. एकटी एसटीनं गंगाखेडला जाऊन बाजार करून आले आणि घाटाच्या पायऱ्या एका दमात चढून वर उभी राहून इकडेतिकडे बघितलं, कुणी ओळखीचं बघतंय का म्हणून. कुणीच नव्हतं. आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसायचं आणि गरम भाकरी खायची. असलं सुख माझ्या आईला, तिच्या आईला, कुणालाच मिळालेलं नव्हतं.

मग एका दुपारी मालक शेतात असताना मला वाटलं, बघू तर खरं. परात घेतली, पीठ घेतलं, पाणी तापवलं, मळलं. मळणं जमलं. गोळा केला, कोरडं पीठ पसरलं, त्यावर ठेवला आणि हात वर उचलला. तो हात मला खाली आणता येईना. छातीत ती तार आहे हे मला एकदम जाणवलं. आपण थापलं आणि आतून काहीतरी सुटलं तर, असं वाटलं. बाजाराची पिशवी उचलताना वाटलं नव्हतं, कणसं मोडताना वाटलं नव्हतं. मला भीती वाटली. दवाखान्यात ज्यासाठी रडले होते ते समोर होतं आणि मी हात तसाच वर धरून बसले होते, ट्रॅक्टरची वाट बघणाऱ्या मालकांसारखी.

मी तो गोळा गाईला घातला, परात घासली आणि हे कुणालाही सांगितलं नाही. त्यानंतर भाकरी खाताना पहिल्यासारखी मजा येईना. डॉक्टरांच्या नावावर खोटं सांगून मी चेष्टा करत होते, तीच आता माझी अडचण झाली होती. खरं सांगितलं तर थापावं लागणार, आणि थापायला हात उठत नव्हता.

कारखान्याचा हंगाम सरत आला. ट्रॅक्टर कमी झाले. मालकांचा हातही आता बसला होता, त्यामुळे ते जरा बेफिकीर झाले. एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, पण पुढच्या दाराची कडी राहिली. तिसरी भाकरी परातीत होती तेव्हा दार धाडकन उघडलं आणि आत्याबाई आत आल्या. त्या पोराला रंगेहाथ धरायला आल्या होत्या, आणि पोरगा रंगेहाथ सापडलाच. मांडी घालून बसलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, आणि मी शेजारी खुर्चीत उशी घेऊन.

तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. आत्याबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे, मग खाली वाकून परातीतली भाकरी बघितली.

"काठ फाटायलाय," त्या म्हणाल्या. "पानी कमी पडलं."

मग खाली बसल्या. एक भाकरी मोडून, लसणाची चटणी घेऊन त्यांनी खाल्ली, अगदी सावकाश, परीक्षकाच्या थाटात. लहानपणी चुलीपुढून उठायचाच नाही हा, मला म्हणाल्या, नुसता माझ्या हाताकडं बघत बसायचा, त्याच्या बापानं उठवला म्हणून उठला. हैदराबादच्या टेबलावरचं कोडं मला तेव्हा सुटलं. जाता जाता त्या दारात थांबल्या. कुणाला कळू द्यायचं नाही, पोराची इज्जत आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. लोकांपुढं मी तुला शिव्या देत राहीन, म्हणाल्या, तू मनावर घेऊ नको. आणि मग मला विचारलं, डॉक्टर काय म्हणतोय, तुला कधी करता येणार?

मी म्हटलं, अजून दोन-तीन महिने तरी नाही.

त्या गेल्या. मालकांनी कडी लावली, येऊन परातीपुढं बसले, पण पीठ घेतलं नाही. स्वयंपाकघर लहान, गॅस बंद केलेला. माझी टिकटिक नीट ऐकू येत होती.

"तू खोटं बोलायलीस की ते जोरात पळतंय," मालक म्हणाले. "पालमच्या मावशीला चावीचं सांगितलंस तवाच मला कळालं."

म्हणजे परभणीचं? तेही कळलं होतं. जेवताना परत विचारलं ते त्यासाठीच. तेव्हापासून आजपर्यंत हा माणूस रोज पोतं लटकवून, ट्रॅक्टरची वाट बघून भाकरी थापत होता, सगळं माहीत असून.

"मग इतके दिस बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"निस्ती चेष्टा असली तर टिकटिक पळती अन् थांबती. आधी थांबायची. आता भाकरीचं नाव काढलं की थांबंना." त्यांनी हात धोतराला पुसले. "म्हनलं, ही भ्यालीय. भ्यालेल्या माणसाला काय बोलायचं."

मला रडू आलं. दवाखान्यातलं नव्हे, निराळं. मी त्यांना ती दुपार सांगितली, वर उचललेला हात, गाईला घातलेला गोळा. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. एका भाकरीचं पीठ राहिलं होतं. मी खुर्चीवरून खाली उतरले, उशी शेजारी ठेवली, मांडी घातली. त्यांनी माझा हात धरला नाही की धीर दिला नाही. नुसते समोर बसून माझ्या हाताकडे बघत राहिले, आत्याबाईंनी सांगितलं तसे.

पहिली थाप इतकी हलकी पडली की पिठाला कळलीसुद्धा नसेल. दुसरी जरा बरी पडली. छातीत काही सुटलं नाही. तिसरी, चौथी, आणि मग हातांना आपलं आपण आठवलं. गोळा फिरायला लागला, कड पातळ व्हायला लागली, बांगड्या वाजायला लागल्या आणि थपथप आख्ख्या घरात घुमली, पूर्वीसारखी.

भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला. ठरल्याप्रमाणे, गल्लीला ऐकू जाईल असा.

"आरं कसाया, लावलंस का परत तिला भाकरी बडवायला?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि नेमकं आज त्या ते खोटंखोटं बोलत होत्या. मी हात थांबवून मालकांकडे बघितलं. आजपर्यंत हा माणूस खाली मान घालून गप्प राहिला होता. आता त्यांनी उठून खिडकीवरचं पोतं काढलं, खिडकी उघडली आणि भिंतीपलीकडेच नव्हे, मारुतीच्या पारापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं.

"न्हाई माय, मी करायलोय. रोज मीच करतोय."

भिंतीपलीकडे भांडं पडलं. ते जाऊबाईंच्या हातून पडलं असणार. गल्लीतही कुणाचं तरी बोलणं मध्येच थांबलं. मालक परत येऊन बसले, गॅस पेटवला, माझी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली. ती फुगली. त्यांनी ती उतरवून उजेडाकडे धरली, चहूबाजूंनी बघितली.

"काठ फाटलाय," ते म्हणाले. "पानी कमी पडलं."

मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उशी घ्यायची राहूनच गेली होती.